डोंगर, भराव आणि विहीर

ठाण्याच्या पश्चिमेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला बिलगून जाणारा पोखरण रस्ता ज्यांनी केवळ गेल्या वीस वर्षांत पाहिला असेल, त्यांना तो एकेकाळी शहराच्या अगदी शेवटच्या हद्दीचा मुलूख होता हे सांगूनही पटणे कठीण. कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, त्यांच्यापलीकडे गवताळ माळ, माळापलीकडे डोंगर, आणि त्या डोंगरावरून आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या, म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेल्या अरण्याच्या, पोटात शिरणाऱ्या पायवाटा, असा तो प्रदेश होता. १९७५ पासून ठाण्यातच क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करणारे चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी १९९० च्या सुमारास हा परिसर ‘पोखरण’ या चित्रात आणला, तेव्हा डोंगर आणि वस्ती यांच्यातला जुना शेजार मोडण्याच्या बेतात आला होता. खडीसाठी फोडलेले डोंगर आणि त्याच खडीच्या काँक्रीटने उभ्या राहणाऱ्या इमारती ठाण्याच्या परिसरात त्या काळी एकाच दृष्टिक्षेपात सापडत. आणि डोंगर झिजतो कशाने व शहर वाढते कशाने या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे ही गोष्ट, जी कोणत्याही सरकारी दप्तरात एका पानावर नोंदलेली सापडणार नाही, ती चित्रकाराला एका कॅनव्हासवर मांडता येते.

समकालीन चित्रकलेत निसर्ग आणि नागर जीवन यांच्या नात्याचा विचार पुष्कळ होतो. त्यातला बराचसा मला उथळ वाटतो. सिमेंटच्या फटीतून डोके वर काढणारे हिरवे पान, धुराड्यांच्या रानात अडकलेला एकुलता एक पक्षी, तुटलेल्या बुंध्याजवळ उभे असलेले मूल, असल्या प्रतिमा प्रदर्शनांतून वारंवार भेटतात. त्यांच्यामागची तळमळ खरी असेलही, परंतु त्या पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगतात आणि त्याला समाधानाने घरी पाठवतात. निसर्ग हा निष्पाप, शहर हे अपराधी, आणि आपण हळहळणारे साक्षीदार, इतकी सोपी वाटणी त्यांनी केलेली असते. मुंबई आणि तिच्या परिसरातील ज्या थोड्या चित्रकारांनी ही वाटणी नाकारली, त्यांच्याविषयी या लेखात लिहावयाचे आहे. त्यांपैकी दोघे व्यवसायाने डॉक्टर होते, ही बाब मला योगायोगाची वाटत नाही.

आपल्याकडे निसर्गचित्राची परंपरा मोठी आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतून जलरंगाचे जे कसब महाराष्ट्रभर पसरले, त्याने कित्येक पिढ्यांना नदीचे घाट, देवळांच्या पायऱ्या, पावसाळी डोंगर आणि तळ्यातली प्रतिबिंबे पाहायला शिकवले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) कोटितीर्थाच्या पाण्यावर आयुष्यभर लुब्ध राहिले, आणि त्यांच्या लहान आकाराच्या चित्रांतला ओलसर प्रकाश आजही पाहणाऱ्याला जागीच थांबवतो. या परंपरेविषयी मनात आदर ठेवूनच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘स्पॉट’वर जाऊन चित्र रंगवण्याच्या या पद्धतीत काय घ्यावे याच्या शिक्षणाबरोबर काय गाळावे याचेही शिक्षण होते, आणि गाळण्याच्या यादीत विजेचा खांब, पाण्याची पाइपलाइन, सिनेमाची पाटी, पत्र्याची टपरी या वस्तू बहुधा आधीच लिहिलेल्या असत. त्यामुळे निसर्गचित्र म्हणजे माणसाच्या उद्योगातून वाचलेला एखादा कोपरा, अशी समजूत रूढ झाली. १९४० च्या दशकात तरुण एस. एच. रझा यांनी मुंबईच्या रस्त्यांची जी रसरशीत जलरंगचित्रे केली, त्यांत शहरालाच निसर्गाचा मान मिळाला होता. पण १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि त्यांची वाट पुढे निराळ्या दिशेने गेली.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. तिथल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते पदवीधर झाले, पुढल्या वर्षी मुंबईस आले, आणि २००५ पर्यंत रोग्यांच्या फिल्म वाचणे व चित्रे काढणे ही दोन्ही कामे त्यांनी जोडीने केली. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. १९८१ साली मुंबई व दिल्ली येथे भरलेल्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी व विवान सुंदरम् यांच्या सोबतीने त्यांची चित्रे लागली होती. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असलेल्या त्या काळात माणसाला, त्याच्या जागेला आणि त्याच्या रोजच्या व्यवहाराला चित्रात पुन्हा हक्काचे स्थान मिळावे, असा त्या मंडळींचा आग्रह होता. पटवर्धनांची सुरुवातीची चित्रे, म्हणजे १९७७ चे ‘इराणी रेस्टॉरंट’ किंवा १९८१ चे ‘ओव्हरब्रिज’, ही माणसांनी व्यापलेली आहेत. आकाशाला त्यांत फारसा वाव नाही. पुढे त्यांची नजर जसजशी मागे सरत गेली आणि चित्रातला प्रदेश विस्तारत गेला, तसतसे डोंगर, नाले, खाडीकाठचे सपाट पट्टे आणि रेल्वेरुळांच्या कडेची झुडपे चित्रात येऊ लागली, आणि तीही शोभेसाठी आली नाहीत. माणसे जिथे राहतात ती जमीन कशी आहे, हे सांगण्यासाठी ती आली.

क्ष-किरणांच्या फिल्मवर शरीर कसे दिसते याचा येथे क्षणभर विचार करावा. छातीची फिल्म उजेडावर धरली म्हणजे पुढची बरगडी, मागची बरगडी, मधले हृदय आणि फुप्फुसाची जाळी ही सारी खोली एकाच पातळीवर, एकमेकांवर छाया टाकीत उतरलेली दिसते. आणि पुढचे कोणते, मागचे कोणते हे वाचणाऱ्याने आपल्या अभ्यासाने उलगडावयाचे असते. पटवर्धनांच्या शहरचित्रांची रचना पाहताना मला नेहमी या फिल्मची आठवण होते. यथादर्शनाच्या जुन्या नियमाप्रमाणे चित्रातल्या सर्व रेषा एका बिंदूकडे धावल्या पाहिजेत, आणि पाहणाराही एकाच जागी खिळून उभा असला पाहिजे. पटवर्धन हा नियम मोडतात. त्यांच्या मोठ्या चित्रांत रस्ता एका उंचीवरून पाहिलेला असतो, इमारत दुसऱ्या, आणि कडेला चालणारा माणूस थेट त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून. तरीही हे सारे तुकडे विसंगत वाटत नाहीत, कारण लोकलच्या दारात किंवा पुलावर उभे राहून आपण शहर पाहतो ते असेच हलत्या, तुटक दृष्टींनी पाहतो, आणि मनात त्यांची एक जागा करून टाकतो. डोंगर आणि इमारत यांच्यात अंतर ठेवणारी एकमेव क्षितिजरेषाच चित्रातून गेली म्हणजे डोंगराला ‘मागे’ ढकलण्याची सोय उरत नाही. दोघांना एकाच अवकाशात, एकाच मोजमापाने उभे राहावे लागते.

याच संदर्भात त्यांचे २००१ सालचे ‘लोअर परळ’ हे चित्र पाहावे. त्यात झाडे शोधू गेल्यास निराशा होईल; गिरण्यांचा, रेल्वेचा, जुन्या-नव्या बांधकामांचा तो प्रदेश आहे. मग या लेखात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडी कायद्याची हकिकत सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर मुंबईचा कापडधंदा मोडकळीस आला, आणि गिरण्यांच्या ताब्यातील शेकडो एकर जमिनीचे काय करावयाचे हा सवाल शहरापुढे उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ढोबळमानाने अशी तजवीज केली होती की, गिरणीची जमीन विकासाला काढल्यास तिचा एक हिस्सा महापालिकेकडे बागा व मोकळ्या जागांसाठी जावा, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, आणि उरलेला मालकाकडे राहावा. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून वगळली गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावाच्या छातीत मोठी उद्याने उभी राहण्याची, म्हणजे एका संपूर्ण कामगारवस्तीला झाडांची सावली मिळण्याची, जी एक संधी इतिहासाने देऊ केली होती, ती बहुतांशी हातची गेली. पटवर्धनांनी हा खटला चित्रित केला असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वर्षी ही दुरुस्ती झाली त्याच वर्षी, जुनी धुराडी अजून उभी आहेत आणि नवे मनोरे वर येत आहेत अशा ऐन क्षणी, त्यांनी या जमिनीचा चेहरा रंगवून ठेवला; आणि आज त्या चित्रापुढे उभे राहताना जे नाही तेही दिसू लागते. शहरातल्या निसर्गाविषयीचे चित्र प्रत्येक वेळी हिरवेच असले पाहिजे असे नाही, हे मला या चित्राने शिकवले.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे वळू. गीव्ह पटेल (१९४०–२०२३) हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी काही काळ दक्षिण गुजरातेत संजाण येथे आरोग्यसेवा केली, आणि नंतर २००५ पर्यंत मुंबईत जनरल प्रॅक्टिशनर म्हणून दवाखाना चालवला. ते कवी होते, नाटककार होते. झाड तोडण्याविषयीची त्यांची ‘ऑन किलिंग अ ट्री’ ही इंग्रजी कविता शालेय पाठ्यपुस्तकातून देशभरातल्या असंख्य मुलांनी वाचलेली आहे, पण ती लिहिणारा माणूस तितक्याच ताकदीचा चित्रकार होता हे त्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. रेल्वे फलाट, लॅमिंग्टन रोडच्या आसपासची गर्दी, हातगाडीवाले, आणि रस्त्यावर पडलेली बेवारस प्रेतेसुद्धा त्यांच्या चित्रांचे विषय झाले. १९७९ च्या ‘हातगाडीशी दोन माणसे’ या चित्रात त्या दोन श्रमिकांच्या विसाव्यावर जो सांजवेळेचा गुलाबीसर प्रकाश पसरला आहे, तो त्यांच्या मागच्या भिंतींवरही तसाच पसरला आहे, आणि हा प्रकाश कोणाच्या मालकीचा नाही हे चित्रकाराने इतक्या प्रेमाने सांगितले आहे की, शहरात निसर्ग कुठे शिल्लक आहे या प्रश्नाचे पहिले उत्तर मी नेहमी या प्रकाशाकडे बोट दाखवून देतो.

१९९९ च्या सुमारास पटेलांच्या चित्रांत पक्षी आले. ‘कावळे आणि राडारोडा’ या चित्रातले कावळे हे मुंबईचे खरे नागरिक. पाडलेल्या बांधकामाच्या ढिगावरही ते आपला चरितार्थ शोधतात. त्याच वर्षीच्या ‘नरीमन पॉइंटवरील मोर’ या चित्राचे नाव ऐकताच आपण दचकतो. परंतु मुंबईच्या दक्षिण टोकाला मोर अगदीच परका नाही, वाळकेश्वरच्या राजभवनाच्या आवारात मोर आहेतच. परकी आहे ती जमीन. नरीमन पॉइंट हा बॅकबेच्या भरावावर उभा आहे, आणि ज्या जागेवर तो मोर आला आहे ती काही दशकांपूर्वी जमीन म्हणून अस्तित्वातच नव्हती. शिवाय ज्या बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांचे नाव या जागेला दिले, त्यांनी १९२० च्या दशकात याच बॅकबे भरावाच्या कारभारातला भ्रष्टाचार जाहीरपणे चव्हाट्यावर आणला होता. समुद्र हटवून केलेल्या जमिनीला, त्या कामातील गैरकारभाराविरुद्ध झगडलेल्या माणसाचे नाव, आणि तिच्यावर मोर: इतक्या थरांवर हे चित्र उभे आहे. नैसर्गिक कोण आणि कृत्रिम कोण, याचा निवाडा तिथे कोणी सहजासहजी करू शकणार नाही.

परंतु पटेलांचे सर्वांत मोठे काम मला वाटते ते विहिरींचे. दक्षिण गुजरातेतील नारगोळ येथे त्यांच्या घराण्याचे घर होते, आणि तिथल्या विहिरींत लहानपणी डोकावण्याचा जो अनुभव मनात राहिला होता, त्यातून १९९० च्या दशकापासून ‘विहिरीत डोकावताना’ ही मालिका सुरू झाली व अनेक वर्षे चालली. या चित्रांची करामत नीट समजून घेण्यासारखी आहे. विहीर आपण पाहतो ती मान खाली घालून. चित्र मात्र भिंतीवर, डोळ्यांसमोर उभे टांगलेले असते. कॅनव्हासच्या कडांना विहिरीची दगडी बांधणी, फटींतली झुडपे आणि ओल, मध्यभागी पाण्याचे तबक, त्या पाण्यात आकाश, ढग, काठावरची पालवी. म्हणजे भिंतीकडे सरळ पाहताना आपण खाली पाहतो, आणि खाली पाहताना वर पाहतो. थोडा वेळ समोर उभे राहिले की पाय नकळत मागे सरतात, कारण शरीराला खोलीची जाणीव होते. वास्तविक हे एक अगदी साधे ग्रामीण दृश्य आहे, पण ते शहरातल्या चित्रदालनात, वातानुकूलित खोलीत, लोकलचा प्रवास करून आलेल्या प्रेक्षकासमोर ठेवलेले असते, आणि तिथेच त्याचे काम सुरू होते. वर्षानुवर्षे नळाचे पाणी पिणाऱ्या माणसाला पाणी जमिनीच्या पोटात असते याची आठवण राहत नाही. आकाशही त्याला दोन इमारतींमधल्या पट्टीएवढेच माहीत असते. दोघांचे एकत्र दर्शन घडवणारी ही चित्रे शहरापासून पळून जाण्याची वाट आहेत असे काहींचे मत पडले आहे. मला ते मान्य नाही. रस्त्यावरच्या प्रेताकडे ज्या नजरेने पटेलांनी पाहिले, तीच न हटणारी नजर त्यांनी पाण्यावर लावली. माणसे चित्रातून गेली, पण पाहणारा माणूस विहिरीच्या काठावर, चित्राच्या अलीकडे, कायम उभा आहे.

या दोघांच्या नंतरच्या पिढीतले एक नाव घेतल्यावाचून हा विषय अपुरा राहील, कारण ते नाव शहराला उजेड जिथून येतो त्या प्रदेशाचे आहे. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती येथे झाला, आणि त्यांच्या घरच्या तीन पिढ्यांचा कोळशाच्या खाणींशी संबंध आला. खैरागड व बडोदे येथे कलाशिक्षण घेऊन ते काम करू लागले तेव्हा त्यांनी हाती घेतलेले मुख्य साधन कोळसाच होते. शेत होते तिथे खाण होते, नांगरटीच्या जागी दगडी पायऱ्यांचे अजस्र खड्डे पडतात, उकरलेल्या मातीचे नवे डोंगर तयार होतात. आणि त्यांच्या काळ्या भव्य रेखाटनांत माणसाच्या खांद्यावर डोक्याऐवजी कधी एखादे अवजार, कधी यंत्र उगवलेले दिसते. २०२१ चा ‘आर्टेस मुंडी’ हा ब्रिटनमधील मानाचा पुरस्कार त्या वर्षीच्या सहाही निवडक कलावंतांना वाटून दिला गेला, त्यांत ते होते. पटवर्धनांच्या ठाण्यात डोंगराची खडी होताना जवळून दिसते. पाचपुत्यांच्या चंद्रपुरात जमीन उकरून निघणारा कोळसा वीजकेंद्राच्या भट्टीत जातो आणि त्याची वीज दूरदूरच्या शहरांतल्या दिव्यांपर्यंत पोचते. मुंबई-पुण्यात बसून या चित्रांकडे ‘ग्रामीण’ म्हणून पाहणे हे बटण दाबून दिवा लावणाऱ्याला शोभत नाही.

या चित्रांना पोचण्याची वाट मात्र सोपी नाही. मुंबईत काळा घोडा परिसरातील जहांगीर आर्ट गॅलरी सर्वांना खुली आहे, आणि समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात २०१९ च्या अखेरीस पटवर्धनांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन नॅन्सी अदजानिया यांनी मांडले होते, तेव्हा चार-पाच दशकांचे काम एकत्र पाहायला मिळाले. पण असे प्रसंग विरळा, आणि तेही दक्षिण मुंबईतच. बहुतेक मोठी चित्रे खाजगी संग्रहांत जातात, आणि ज्यांच्या रस्त्यांची, नाल्यांची, डोंगरांची ती चित्रे आहेत त्या लोकांना ती छापील पुस्तकातही क्वचितच दिसतात. ही उणीव स्वतः पटवर्धनांना बोचत असावी, असे त्यांच्या एका उपक्रमावरून वाटते. २००८-०९ साली ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने समकालीन भारतीय चित्रांचे एक फिरते प्रदर्शन त्यांनी पुढाकार घेऊन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत नेले. मूळ चित्रे, छापील नकला नव्हेत, गावोगावच्या विद्यार्थ्यांसमोर आणि सामान्य रसिकांसमोर आली. चित्रकलेच्या शिक्षकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना जी गोष्ट केवळ पुस्तकातल्या नखाएवढ्या छायाचित्रावरून ठाऊक होती, ती प्रत्यक्ष आकारात, रंगाच्या थरांसकट समोर उभी राहणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच समजेल.

तशी मोहीम आता पुन्हा काढायची झाली तर ती जिल्ह्याच्या ठिकाणांपुरती ठेवू नये. पनवेल, चाकण, वसई, सिन्नर अशा जागी ती जावी, जिथे कालच्या भातखाचरांत आणि ज्वारीच्या रानांत आज एन.ए. प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत, आणि जिथल्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांदेखत शेताचे शहर होत आहे. एखाद्या नगरपरिषदेने आपल्या सभागृहाच्या भिंती पंधरवडाभर मोकळ्या करून द्याव्यात, विमा व वाहतुकीचा खर्च राज्य शासनाच्या सांस्कृतिक खात्याने उचलावा, आणि चित्रांजवळ मराठीत समजावून सांगणारी दोन जाणकार माणसे सकाळ-संध्याकाळ बसवावीत. मुलांना प्रदर्शन दाखवून झाल्यावर कागद व कोळसा देऊन आपापल्या गावाच्या हद्दीवर, जिथे शेवटची इमारत आणि पहिले शेत एकमेकांना भिडतात तिथे, रेखाटनाला पाठवावे.